गंधर्व कुणाचे चाकर?

‘गंधर्व म्हणजे देवांचे गवई’ हे वाक्य मराठी माणूस शाळेत असताना कधीतरी ऐकतो आणि पुढे जन्मभर त्याच्याकडे वळून बघत नाही. मैफलीच्या निवेदनात, सत्काराच्या मानपत्रात, संगीताच्या क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते ठरल्यासारखे भेटते, आणि त्याच्या शेपटाला दोन निष्कर्ष बांधलेले असतात. आपले संगीत देवांच्या सभेतून खाली आले, तेव्हा ते जन्मानेच सोवळे आहे, हा एक. ज्या गायकाला आपण गंधर्व म्हणतो तो कुणी शापभ्रष्ट स्वर्गस्थ, चुकून आपल्यात आलेला, हा दुसरा. दोन्ही ऐकायला गोड आहेत. दोन्हींना जुन्या ग्रंथांचा आधार असणारच असे धरून चालतात, आणि तो आधार उघडून पाहायची तसदी सहसा कुणी घेत नाही. उघडून पाहिला तर गंधर्व गातात हे खरे निघते. पण ‘देवांचे’ आणि ‘गवई’ हे दोन्ही शब्द त्यांच्या अंगावर उशिरा चढवलेले अंगरखे आहेत, आणि ते चढवताना गंधर्वाजवळ जे अस्सल त्याचे होते ते काढून घेतले गेले, असेही दिसते. ते काय होते, आणि काढून घेतल्याने कुणाची सोय झाली, एवढेच इथे मांडायचे आहे.

पोथ्यांकडे जाण्याआधी आपल्या भाषेचीच साक्ष काढू. गंधर्वाच्या नावाचे दोन शब्द मराठीत आजही जिवंत आहेत, आणि दोहोंत गाण्याचा मागमूस नाही. एक गांधर्व विवाह. पुरोहित नाही, होम नाही, बापाची संमती नाही. दोघांची इच्छा हाच काय तो मुहूर्त. विवाहाचे आठ प्रकार सांगताना मनुस्मृतीने हा प्रकार कामातून जन्मतो असे स्वच्छ म्हटले आहे. गंधर्व जर सभेत खाली मान घालून वीणा छेडणारे सालस गवई असते, तर घरच्यांना न विचारता लागलेल्या लग्नाला त्यांचे नाव कुणी कशाला दिले असते? दुसरा शब्द गंधर्वनगरी, म्हणजे आकाशात दिसणारे आणि जवळ जाताच विरून जाणारे शहर. वेदान्त्यांना हा दृष्टान्त फार प्रिय; गौडपादांच्या कारिकांत तो स्वप्न आणि माया यांच्या पंगतीला बसलेला आहे. म्हणजे भाषेने गंधर्वाची आठवण ठेवली ती दोन गोष्टींसाठी: कुंपण न मानणारी ओढ आणि डोळ्यांना पडणारी भूल. जाता जाता एवढेच सांगतो, की मराठी संगीत रंगभूमीचा पडदा अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ज्या ‘शाकुंतला’ने उघडला, त्याच्या कथेचा कणाच गांधर्व विवाह आहे. आपल्या नाट्यसंगीताचे गंधर्वांशी पहिले नाते जुळले ते सोवळ्यातून जुळलेले नाही.

आता वेदांकडे. ऋग्वेदातला गंधर्व बहुतेक वेळा एकटा आहे, समूह नाही. तो उंच अंतराळात उभा असतो, सोमाच्या जागेची राखण करतो, पाण्याशी त्याचे नाते असते. यम-यमीच्या संवादात आपली उत्पत्ती सांगताना त्या भावंडांकडून पाण्यातल्या गंधर्वाचे आणि जलस्त्रीचे नाव घेतले जाते. विवाहसूक्तात तर विश्वावसू नावाच्या गंधर्वाला ‘ऊठ, इथून जा, दुसरी कुणी मुलगी शोध’ अशा अर्थाचे बजावून नवरीपासून दूर केलेले आहे. कारण नवरीवर पहिला हक्क सोमाचा, दुसरा गंधर्वाचा, तिसरा अग्नीचा, आणि माणूस हा तिचा चौथा पती, असा तिथला हिशेब आहे. यात गाणे कुठे आहे? राखण आहे, पाणी आहे, लग्नाआधीच्या मुलीवर असलेला एक अदृश्य ताबा आहे. इराणी अवेस्तात याच नावाचा भाऊबंद सापडतो, गंदरेव. तो सोनेरी टाचांचा जलराक्षस आहे आणि केरेसास्प नावाचा वीर त्याला मारतो. दोन भाऊ वेगळे झाले तरी वडिलोपार्जित भांडी दोघांकडे सापडावीत, तसे दोन्ही परंपरांत जे सारखे उरले ते पाणी आणि धाक. वीणा त्या वाटणीत नव्हती.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र ब्राह्मणग्रंथांत आहे, आणि तो इतका उलटा आहे की एकदा वाचल्यावर ‘देवांचे गवई’ हे शब्द सरळ तोंडाने उच्चारता येऊ नयेत. सोम देवांकडे येत होता, वाटेत विश्वावसू गंधर्वाने तो पळवला. देवांनी विचार केला की गंधर्व स्त्रीलंपट आहेत, तेव्हा वाणीलाच त्यांच्याकडे पाठवू. वाक् गेली आणि सोम परत आला. पण सोमाच्या बदल्यात वाणी गंधर्वांकडे राहावी हे देवांना परवडणारे नव्हते. मग ठरले, तिला दोन्ही पक्षांनी आपल्याकडे बोलवावे, ती जिकडे जाईल त्यांची. आता कुणी काय केले ते पाहा. शतपथ ब्राह्मण सांगते की गंधर्वांनी तिच्यापुढे वेद म्हटले, आम्हाला हे ठाऊक आहे, आम्हाला ते ठाऊक आहे, असे म्हणत आपली विद्या मांडली. देवांनी वीणा निर्माण केली आणि ते वाजवत, गात बसले. वाणी गाणाऱ्यांकडे, म्हणजे देवांकडे, वळली. तैत्तिरीय संहितेतही ही कथा याच अंगाने येते आणि त्यावरून बायकांना गाणारा पुरुष आवडतो असा शेराही मारला जातो. शतपथकार तर वाणीवर नाराज आहे: मंत्र म्हणणाऱ्यांना सोडून ती नाच-गाण्याकडे गेली, हे त्याला पोकळपणाचे वाटते. त्याची ही नाराजी बाजूला ठेवू, तिच्यात यज्ञ करणाऱ्याचा आणि पुरुषाचा दोघांचाही आकस आहे. पण पात्रांची वाटणी लक्षात घ्या. या कथेत गवई देव आहेत. गंधर्व आहेत ते वैदिक. आणि गाणे हे भक्तीचे साधनही नाही. ते हातचे गेलेले माणूस परत ओढण्यासाठी केलेले वशीकरण आहे. ज्यांना संगीताचे मूळ वेदवाङ्मयात दाखवायची हौस असते त्यांनी ही कथा का टाळावी, हे समजण्यासारखे आहे.

गंधर्वाला विद्या येत होती, हे या एकाच कथेवर अवलंबून नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याची परीक्षा चाललेली असताना दोन प्रश्नकर्ते आपल्या प्रश्नाचा उगम सांगतात, आणि दोघांचाही उगम गंधर्व आहे. भुज्यू लाह्यायनी सांगतो, की मद्र देशात फिरताना आम्ही पतंचल काप्याच्या घरी उतरलो, तिथे त्याच्या मुलीला गंधर्वाने धरले होते. त्याला आम्ही जगाच्या टोकांबद्दल आणि पारिक्षितांच्या गतीबद्दल विचारले. उद्दालक आरुणीचा अनुभव त्याच घरचा, फक्त या वेळी गंधर्वाने धरली होती ती पतंचलाची बायको. आणि तिच्या तोंडून तो कबंध आथर्वण या नावाने सर्व प्राणिमात्रांना आतून ओवणाऱ्या सूत्राविषयी, अंतर्यामीविषयी बोलला. उपनिषदांतल्या अत्यंत गहन प्रश्नांपैकी एक झपाटलेल्या बाईच्या तोंडून आला आहे. आपल्याकडे अंगात येणे म्हणतात, त्याच्याच जवळची ही घटना. बौद्ध वाङ्मयातही गर्भ राहण्यासाठी आई-बापांबरोबर गंधब्ब हजर असावा लागतो असे बुद्धाच्या तोंडी आहे. तिथेही तो शरीरात प्रवेश करणाराच आहे. तैत्तिरीय उपनिषद आनंदाच्या पायऱ्या मोजताना माणसाच्या वर मनुष्यगंधर्व आणि त्याच्या वर देवगंधर्व ठेवते, पण त्यांचा आनंद गाण्याचा आहे असे एका शब्दाने सुचवत नाही. पुरूरव्याला उर्वशी परत हवी होती तेव्हा गंधर्वांनी त्याला दिला तो अग्नी, आणि त्या अग्नीच्या द्वारे तो स्वतः गंधर्व झाला. या सगळ्यांत मिळून एक आकृती उभी राहते. जो उंबऱ्यावर राहतो, माणसात शिरतो, जाणतो, मोह घालतो आणि देवांशी बरोबरीने व्यवहार करतो, तो गंधर्व. सोम पळवून सौदा करणारा हा प्राणी चाकर कसा?

यावर जाणकार वाचक अथर्ववेदाचे एक सूक्त पुढे करील, आणि ते त्याने करावेच. अजशृंगी नावाच्या औषधीच्या वासाने गंधर्व-अप्सरांना पळवून लावण्याचे ते सूक्त आहे. त्यात अप्सरांच्या वस्तीत झोपाळे आहेत, झांजा आणि कर्करी नावाची वीणा एका सुरात वाजत आहेत, आणि अप्सरांचा पती असलेला गंधर्व तुरा खोचून नाचतो आहे. म्हणजे वेदकाळातच गंधर्व आणि संगीत एकत्र होते, हे कबूल. पण हे वाजणे-नाचणे कुठे चालले आहे? इंद्राच्या सभेत नव्हे. वड-पिंपळांच्या रानात, जिथे गावातली माणसे दिवे लागल्यावर जात नसत. आणि सूक्त रचणारा त्या संगीताला दाद देत नाही, त्याला हाकलतो आहे. कारण कधी कुत्र्यासारखा, कधी माकडासारखा, कधी केसाळ पोरासारखा दिसणारा हा गंधर्व गोड रूप घेऊन बायकांच्या मागे लागतो अशी त्याची तक्रार आहे. तेव्हा हा पुरावा माझ्या विरुद्ध जात नाही. गंधर्वाचे गाणे जिथे पहिल्यांदा ऐकू येते तिथे ते रानातले, झपाटणारे, माणसांनी भ्यावे असे गाणे आहे.

महाभारतातही तीच जातकुळी टिकून आहे. शंतनूचा मुलगा चित्रांगद मेला तो त्याच्याच नावाच्या गंधर्वाशी कुरुक्षेत्रावर तीन वर्षे लढून. नावावर दोघांचा दावा होता, एवढेच कारण. पांडव रात्री गंगेकाठाने पांचाल देशाकडे निघाले तेव्हा अंगारपर्ण गंधर्वाने त्यांना अडवले. त्याचे म्हणणे कायदेशीर होते: संध्याकाळ झाली की वेळ आमची, हे पाणी आणि हे रान माझे, माणसांनी यायचे नाही. अर्जुनाने त्याचा रथ जाळला, मग मैत्री झाली, मग त्याने वाटेल ते पाहण्याची चाक्षुषी विद्या देऊ केली, घोडे दिले आणि पुरोहित करा असा सल्लाही दिला. द्वैतवनात सरोवराकाठी उतरलेल्या चित्रसेनाच्या गंधर्वांनी दुर्योधनाला बायकापोरांसकट बांधून नेले आणि कर्ण रणातून निसटला. आपल्याला इंद्राने पाठवले होते असे चित्रसेन नंतर सांगतो खरा, पण गवयाला सांगायचे हे काम नव्हे. मराठी कीर्तनकार ही घोषयात्रेची कथा रंगवतात तेव्हा दुर्योधनाची फजिती रंगते. ज्यांनी फजिती केली ते गाणारे लोक होते, याची आठवण श्रोत्यांना होत नाही. आणि तसे पाहिले तर कीर्तनकारांचे चुकतही नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. रामायण, महाभारत आणि पुराणांत गंधर्व इंद्राच्या, कुबेराच्या सभेत गातात, हे शेकडो वेळा आले आहे. भरताच्या सैन्याच्या पाहुणचारासाठी भरद्वाज ऋषी विश्वावसू, हाहा, हूहू यांना बोलावतात, तुंबुरू आणि नारद तिथे गातात. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात इंद्राबरोबर आकाशातून वाजवत येणारा ताफा कुणीही पाहून घ्यावा. मग सभागायक हे रूप खोटे कसे? ते खोटे नाही, ते पोकळ आहे. बारकाईने वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते: गंधर्व घोळक्याने येतात तेव्हा गातात. कुणाचा जन्म झाला, कुणाचा विजय झाला, की फुले पडतात, दुंदुभी वाजतात, गंधर्व गातात आणि अप्सरा नाचतात. हा लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखा ठरीव मजकूर आहे. पण त्या घोळक्यातून एखादा गंधर्व नाव घेऊन पुढे आला, त्याला स्वतःची कथा मिळाली, की तो सभेत बसत नाही. तुंबुरूचेच पाहा, ज्याचे नाव गायकांत नारदाच्या जोडीने घेतात. रामायणात दंडकारण्यात रामाला आडवा आलेला विराध राक्षस मरताना सांगतो, की मी तुंबुरू. रंभेच्या नादात कुबेराच्या सेवेला हजर झालो नाही म्हणून त्याने शाप दिला. चाकर म्हणायचाच तर हा कामावर न येणारा चाकर. भागवतात नारद आपला पूर्वजन्म सांगतो: तो उपबर्हण नावाचा गंधर्व होता, देवांच्या सत्रात हरिकथा गायला बोलावले असता बायकांच्या गराड्यात गात गात आला, आणि प्रजापतींनी त्याला शाप दिला. हूहू देवलाच्या शापाने मगर झाला आणि गजेंद्राचा पाय धरून बसला. ‘शापभ्रष्ट गंधर्व’ हे आपले लाडके विशेषण वापरणाऱ्यांनी शाप कशाबद्दल मिळाले होते तेही एकदा पाहावे. सूर चुकला म्हणून यांतला एकही खाली आलेला नाही.

बौद्ध दीघनिकायातला पंचशिख या बाबतीत मला फार हुशार माणूस वाटतो. तो खरोखरच इंद्राच्या पदरचा वादक आहे. ध्यानस्थ बुद्धाला भेटायचे तर आधी वातावरण तयार हवे म्हणून इंद्र त्याला पुढे धाडतो. पंचशिख वीणा लावतो आणि बुद्धासमोर गातो काय, तर तिंबरूच्या, म्हणजे आपल्या तुंबुरूच्या, मुलीवरचे स्वतःचे प्रेम. त्यात बुद्धाची, धम्माची नावे तो खुबीने ओवतो, पण गाणे विरहाचेच. बुद्ध रागावत नाही; तारेचा आणि गळ्याचा मेळ चांगला जमला आहे असे म्हणतो आणि हे गाणे केव्हा रचलेस ते विचारतो. सभेच्या कामावर पाठवलेला गंधर्वसुद्धा गातो ते आपल्या मनचे. सभेचे चित्र मुळात आले ते जमिनीवरच्या सभांतून. राजांच्या पदरी गवई आणि नर्तकी राहू लागल्या तसा स्वर्गाचाही दरबार झाला, आणि रानातल्या जुन्या गंधर्वाला तिथे जागा देऊन वेतनपत्रकात बसवले गेले. म्हणून तर त्याच्या कथा पुन्हा पुन्हा गैरहजेरीच्या आणि शापाच्या आहेत.

संगीतशास्त्राची साक्ष आणखी वेगळी आहे. नाट्यशास्त्रात नारद आणि गंधर्वांना गानाच्या कामाला नेमल्याचा उल्लेख आहे, हे आधीच मान्य करतो. पण तेच शास्त्र ‘गांधर्व’ या संज्ञेची व्याख्या करते तेव्हा ती स्वर, ताल आणि पद यांवर उभी असलेली रचना अशी कोरडी, तांत्रिक आहे. आणि नावाचे कारण देताना म्हणते, की हे देवांना अतिशय इष्ट आणि गंधर्वांना प्रिय, म्हणून गांधर्व. इथे गंधर्व श्रोते आहेत. रसिक आहेत. निर्मात्याचा मान त्यांना ग्रंथकाराने दिलेला नाही, तो आपण दिला. पुढे १३व्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिशेबनिसाला शोभेल अशा काटेकोरपणे त्याने गांधर्व आणि गान यांची खाती वेगळी केली: अनादी परंपरेने आलेले, गंधर्वांनी प्रयोगात आणलेले आणि श्रेय देणारे ते गांधर्व, वाग्गेयकारांनी देशी रागांत बांधलेले, लोकांचे रंजन करणारे ते गान. या व्याख्येने आज आपण जे ऐकतो ते ख्याल, ठुमरी, टप्पा, नाट्यपद, सगळेच्या सगळे गान ठरते, गांधर्व नव्हे. ज्याला स्वर्गातून आलेले म्हणतात ते संगीत शार्ङ्गदेवाच्या वेळीच प्रचारातून गेलेले होते. नारदीय शिक्षेत तर तीन ग्रामांपैकी गांधार ग्राम पृथ्वीवर नाहीच, तो फक्त स्वर्गात आहे, असे सरळ सांगून टाकले आहे. जे वाजवता येईनासे झाले त्याचा पत्ता स्वर्ग असा लिहिला गेला. आपल्या संगीताचे माहेर स्वर्ग आहे असे म्हणणाऱ्यांनी हा पत्ता जरा जपून वापरावा. तिथे अडगळीची खोली आहे.

काही लोक दुसऱ्या टोकाला जाऊन गंधर्व म्हणजे गांधार देशातली एक हाडामांसाची गाणारी जमात, असे सांगतात. रामायणाच्या उत्तरकांडात सिंधूच्या दोन्ही काठांवर गंधर्वांचा देश आहे आणि भरत तो जिंकून आपल्या मुलांसाठी तक्षशिला आणि पुष्कलावती वसवतो, हा त्यांचा आधार. पण उत्तरकांड हा फार उशिराचा थर आहे, आणि ऋग्वेदाला गंधारी लोक त्यांच्या लोकरदार मेंढ्यांसकट ठाऊक असूनही तो त्यांना गंधर्वांशी जोडत नाही. नावे सारखी वाजली म्हणून सोयरीक होत नाही. या मतावर अधिक शाई खर्चायची गरज नाही.

‘असेल तसे, पण गंधर्व ही आता एक प्रेमाची पदवी आहे, तिचा इतका कीस कशाला?’ हा आक्षेप सगळ्यात समंजस दिसतो, आणि माझा वाद खरा तिथेच आहे. पदवी निरागस नसते. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले. ते नाव लोकमान्यांच्या तोंडून आले असे सांगतात. रामभाऊ कुंदगोळकर त्याहून सव्वापट म्हणून सवाई गंधर्व. शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व, सौदागर गोरे छोटा गंधर्व. आता गायिकांच्या पदव्या आठवा. केसरबाई केरकर सूरश्री, मोगूबाई कुर्डीकर गानतपस्विनी, किशोरी आमोणकर गानसरस्वती. पुरुषाला गंधर्व म्हणताना ज्या समाजाची जीभ अडखळली नाही, त्याने एकाही थोर गायिकेला अप्सरा म्हणून गौरवले नाही. वास्तविक पुराणात ती जोडी आहे. गंधर्व आणि अप्सरा एका घरची माणसे. मग गंधर्व दिवाणखान्यात आणि अप्सरा दाराबाहेर, असे का झाले? कारण अप्सरा म्हटले की कलावंतीण आठवते, आणि गोव्या-महाराष्ट्रातल्या थोर गायिकांपैकी कित्येक ज्या घरांतून आल्या त्या घरांची आठवण सभ्य समाजाला नको होती. त्यांना मान द्यायचा तर आधी देवी करावे लागे, नाहीतर तपस्विनी. गंधर्वाला मात्र तपश्चर्येची अट पडली नाही, कारण त्याला आधीच धुऊन ‘देवांचा गवई’ करून ठेवले होते. हे धुणे कुठल्या काळात जोरात चालले तेही पाहण्यासारखे आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीताला घरंदाज मुलामुलींपर्यंत नेण्याचे त्यांचे काम डोंगराएवढे आहे, त्याचे मोल कमी करायचे नाही. पण त्या कामासाठी बंदिशींतले शृंगाराचे शब्द जाऊन भक्तीचे आले, आणि संस्थेच्या नावातला गांधर्व हा शब्द आपल्या जुन्या अर्थातली सगळी धग बाहेर ठेवून आत आला. ज्यांच्या घरांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली ते उस्ताद आणि त्या बाया, दोघांचीही ओळख या सोवळ्या वंशावळीत मागे पडली. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. बालगंधर्वांना शिकवणारे भास्करबुवा बखले अनेक उस्तादांच्या तालमीतून गेलेले. मराठी गंधर्वांना गाणे मिळाले ते या माणसांकडून. इंद्राच्या सभेचा वशिला त्यात कुठेही लागलेला नव्हता.

गंमत म्हणजे पदवी देणाऱ्यांच्या कानाला कळत होते ते बरोबरच होते, तोंडाने दिलेले कारण चुकीचे होते. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून घरंदाज बायकांनी नेसण्या-मिरवण्याची ढब उचलली, पुरुष खुळावले, आणि रंगमंचावरची ती बाई पुरुष आहे हे ठाऊक असूनही कुणालाच त्याची फिकीर वाटेना. ही सात्त्विक समाधी नव्हती. पुरुषाने स्त्रीरूपात शिरावे आणि साऱ्या सभेवर भूल पडावी, याला वेदकाळच्या माणसाने काय नाव दिले असते ते सांगायला नको. तिथे गंधर्व हा शब्द अगदी नेमका बसतो. फक्त त्याच्या जुन्या, भीतिदायक अर्थाने.

विराटपर्वातल्या मत्स्यदेशाच्या लोकांना हा अर्थ पक्का माहीत होता. सैरंध्री झालेली द्रौपदी आपले पाच पती गंधर्व आहेत असे सांगते, आणि कुणीही ते गातात का असे विचारत नाही. कीचकाचा गोळा झालेला देह पाहून, आणि पाठोपाठ त्याचे १०५ भाऊबंद मेलेले पाहून, नगरात एकच बोलणे होते की हे गंधर्वांचे काम. त्याच वेळी नृत्यशाळेत बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन, राजकन्येला आणि तिच्या मैत्रिणींना नाच-गाणे शिकवत होती. ती विद्या अर्जुनाला शिकवली होती चित्रसेन गंधर्वाने, आणि सैरंध्रीच्या त्या पाच भयंकर गंधर्वांपैकी एक तो स्वतःच होता. एकाच वाड्यात गंधर्वांचा धाक आणि गंधर्वांचे गाणे नांदत होते, आणि दोन्ही एकाच अंगात आहेत हे कुणाच्या लक्षात आले नाही. राजा विराट तर इतका भ्याला होता, की सैरंध्रीला राज्य सोडून जा म्हणून सांगायला स्वतः तिच्यापुढे जायचे धाडस त्याला झाले नाही. बायकांनी सांगितले तर गंधर्वांना राग येणार नाही, असे म्हणून त्याने तो निरोप राणीकडून पाठवला. आणि त्याची मुलगी त्यांतल्याच एकाकडून ताल शिकत होती.